सातवी तळटीप

३ डिसेंबर १९७८, रविवार

गायधनी सरांनी काल बजावलं, "गांगुर्डे, संशोधन करायचं तर रोजनिशी हवी. डोक्यात काही राहत नाही." म्हणून आज मेनरोडवरून ही वही आणली. सर आमचे मराठीचे विभागप्रमुख. माझी नेमणूक अजून तात्पुरती आहे, आणि जूनमध्ये ती कायम व्हायची की नाही हे त्यांच्या शिफारशीवर आहे. तेव्हा त्यांनी रोजनिशी म्हटलं की रोजनिशी.

फेब्रुवारीत पुण्याला चर्चासत्र आहे. 'आफ्रिकी व आशियाई साहित्यातील संस्कृती आणि परंपरा'. नाशिकहून बोलावलंय ते मला एकट्याला! झुंबर धोंडीराम गांगुर्डे, वय तीस, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या टोळीत राबलेल्या माणसाचा मुलगा. अण्णा असते तर अख्ख्या वसाहतीत पेढे वाटले असते.

आफ्रिकेची तयारी झाली. घाना, केनिया, नायजेरिया, इंग्रजीतून मिळाल्या तेवढ्या कादंबऱ्या वाचून काढल्या. ढोल, पूर्वज, गुरंढोरं, सुगीची गाणी. तिथल्या लेखकाचं पान उघडलं की गावच बोलायला लागतं. पण सर म्हणतात, "आफ्रिकेचं ठीक आहे हो, आशियाचं काय? आशिया म्हणजे नुसता जपान का? तुमच्या लोकांकडे तर खाण आहे. घरात शोधा." 'तुमच्या लोकांकडे' हे जरा टोचलं. पण सर मनाने वाईट नाहीत. त्यांच्या घरी रामकुंडावरची भिक्षुकी, यात्रेकरूंच्या सात-सात पिढ्यांची नावं वह्यांमध्ये बांधून ठेवलेली. त्यांना वाटतं, प्रत्येकाच्या माळ्यावर काहीतरी असतंच.

आणि गंमत बघा. आजच दुपारी आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती आणि गुणगुणत होती. वंदना नव्हे, दुसरंच काही. मी खिडकीशी गेलो तशी गप्प झाली.

"काय गं म्हणत होतीस?"

"काय नाय. चंपाषष्ठी आली ना जवळ, येतं डोक्यात कायबाय."

चंपाषष्ठी खंडोबाची. आमच्या घरातला खंडोबा छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच गेला. पण ती चाल दिवसभर माझ्या डोक्यातून जाईना.

७ डिसेंबर, गुरुवार

काल सहा डिसेंबर. विहारात नेहमीप्रमाणे आईने वंदना सांगितली. आईला सहीसुद्धा येत नाही, पण पाली सगळं तोंडपाठ, एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. महिला मंडळाची अध्यक्ष आहे ती. तिने सुरुवात केल्याशिवाय आमच्या विहारात कोणी तोंड उघडत नाही. विहार समितीचे सावळीरामदादा निकाळे मला म्हणाले, "प्राध्यापक, तुमच्या भाषणाला टाळ्या पडतात, पण कुसाबाईंनी त्रिशरण म्हटलं की पोरं रडायची थांबतात." खरं आहे. मला आईचा अभिमान आहे, तो लपवायचं कारण नाही.

आज तिला सरळ विचारलं, ते गाणं म्हणून दाखवतेस का. साफ नाही म्हणाली.

"सोडलं ते आम्ही. दीक्षा घेतली त्या दिशी घाटी गंगेत टाकली मी. आता परत तोंडानं बोलवू व्हय तिला?"

घाटी म्हणजे मुरळीच्या हातातली घंटा. आमच्या घरात घाटी होती हे मला तिसाव्या वर्षी कळतंय! कोणाची होती म्हणून विचारलं तर "घरातली" एवढंच बोलली. आजीची असणार, नाहीतर पणजीची. म्हणजे देवाला सोडलेल्या मुरळ्यांची परंपरा थेट आमच्या उंबऱ्यात. मी तर खूश होऊन गेलो. लता पोळ्या लाटत होती, मान वर न करता म्हणाली, "त्यांना नको असेल तर राहू द्या की हो." आता बायकोला संशोधन काय समजावणार!

१७ डिसेंबर, रविवार

सरांनी स्वतःचा टेपरेकॉर्डर दिला. कॅसेटचा आहे, सेलवरही चालतो. "जपून वापरा," असं तीनदा म्हणाले.

आईला जेवताना आफ्रिकेच्या गोष्टी सांगायला लागलो. तिकडच्या म्हाताऱ्या बायकांची गाणी कशी विरून चालली होती, त्यांच्याच शिकलेल्या मुलांनी ती कशी पुस्तकात धरून ठेवली. आई भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती. मधेच म्हणाली, "तिकडं पण पोरी देवाला सोडतात का रे?"

म्हटलं, "काही ठिकाणी देवळाला देतात म्हणे. बापाच्या हातून काही चूक झाली की तिची भरपाई म्हणून मुलगी."

"आन मग त्या पोरी सांगतात का कुणाला?"

"सांगतात ना. गाण्यातून सांगतात. म्हणून तर साहित्य तयार होतं."

आई ताट घेऊन उठली, मोरीत ठेवलं, हात धुऊन परत आली आणि म्हणाली, "पुढल्या रविवारी म्हणते. एकदाच. तू ऐकून घे नीट. दुसऱ्या कुणाला ऐकवायचं नाय."

मी हो म्हटलं. एवढा आनंद झाला की तिने काहीही मागितलं असतं तरी हो म्हटलं असतं.

२४ डिसेंबर, रविवार

झालं! पूर्ण मिळालं. पंचवीस-तीस मिनिटं.

लताला आईने तांदूळ पाखडायला परसात बसवलं होतं, पण दार उघडं होतं. आई भिंतीला टेकून बसली. घाटी नाही म्हणून डाव्या हातात स्टीलची वाटी घेतली आणि बोटातल्या अंगठीने वाजवायला लागली. डोळे मिटलेले. असा आवाज मी तिचा कधी ऐकलेला नाही. वंदनेचा आवाज वरून येतो, हा पोटातून येत होता. अंगावर काटा आला माझ्या.

दोन-तीन जागा इथे उतरवून ठेवतो, उरलेलं टेपवर आहे.

बापानं नवस केला, बैल माझा जगू दे
बैल जगला दावणीला, लेक देवाची होऊ दे

आणि पुढे,

वाड्यात जागरण झालं, मी कंदिलाखाली नाचली
गाव गेलं घरोघरी, मी वाड्यातच राहिली

शेवट तर विलक्षण आहे,

पाच वर्सांची पोर गं, पदरानं झाकली
मातीमाय, तूच घे, हळद नाही लागली

या शेवटच्या ओळी सुरू व्हायच्या बेतात होत्या आणि कॅसेटची बाजू संपत आली. मी हात वर केला, "आई, थांब थांब! बाजू बदलायचीय." ती तोंड उघडं ठेवून तशीच थांबली, वाटी हातात. मी कॅसेट फिरवली, बटण दाबलं, मान हलवली. मग तिने म्हटलं.

संपल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. घाम आला होता तिला, डिसेंबर असून. म्हणाली, "कळलं का रे तुला, झुंबर?"

"कळलं आई. अप्रतिम आहे."

"समदं कळलं?"

"सगळं कळलं गं."

मग ती रडायला लागली. मी म्हटलं, अगं, रडतेस काय? तर पदराने तोंड पुसून हसली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. जुनं आठवलं असेल. संध्याकाळी तिने स्वतः पुरणपोळी केली, सण नाही वार नाही. मला चार वाढल्या. मी खात होतो आणि ती बघत होती. लता मात्र जेवलीच नाही. डोकं दुखतंय म्हणाली. डोळे लाल दिसत होते, कोंड्याची धूळ गेली असावी.

८ जानेवारी १९७९, सोमवार

सुट्टीभर निबंधावर बसलो. आता तो उभा राहिला आहे, आणि चांगला उभा राहिला आहे, असं स्वतःच म्हणतो.

माझा मुख्य मुद्दा असा. तोंडी परंपरेतला 'मी' हा गाणाऱ्याचा नसतो. तो सगळ्या समूहाचा असतो. घानाच्या एका कादंबरीत म्हातारी सुगीला गाते, 'मी माझं बाळ जमिनीत ठेवलं', तेव्हा तिचं कुठलं बाळ असतं? ते बियाणं असतं. तसंच इथे. सातव्या तळटिपेत मी लिहिलंय: 'पाच वर्षांची पोर हे पिकाचं प्रतीक. मातीने तिला घ्यावं, ही पेरणीची प्रार्थना. हळद न लागणं म्हणजे पीक पिवळं पडण्याआधीच, कोवळेपणी गेलं. दुष्काळाची स्मृती.' बैलाच्या ओळीवरही टीप दिली आहे, पूर्व आफ्रिकेतल्या गुराढोरांच्या संस्कृतीशी तुलना करून. वाडा म्हणजे कलेचा आश्रयदाता.

लताला वाचून दाखवलं. ती ऐकत होती, मग उठली आणि म्हणाली, "आईंना विचारलंत का, पीक आहे का ते?"

म्हटलं, "गाणाऱ्याला अर्थ माहीत असतोच असं नाही. ते आपलं काम."

"मग आपलं काम करा," म्हणाली आणि गेली. दोन दिवस धड बोलत नाही. घरात एक शिकलेला असला की दुसऱ्याचं नाक वाकडं होतंच.

११ फेब्रुवारी, रविवार

पुण्याहून आलो. कसं सांगू! सभागृह भरलेलं. निबंध वाचून झाला आणि मी टेप लावली. टेप लावायची नाही असंच ठरवून गेलो होतो, आईला शब्द दिला होता. पण आधीच्या वक्त्याने जपानी कविता अशा काही घोळवून म्हटल्या होत्या की लोक माना डोलावत होते. मला वाटलं, आता नाही लावली तर माझा निबंध कोरडा पडेल. आणि पुण्यात आईला कोण ओळखतं?

टेप थांबवली. मग टाळ्या. अध्यक्ष म्हणाले, हा माणूस ग्रंथालयातून नाही, घरातून बोलतो आहे. एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीचे संपादक येऊन भेटले, निबंध मागितला. चर्चासत्राचं पुस्तकही निघणार आहे. गायधनी सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

मान्य करतो, परतीच्या गाडीत जरा चुटपुट लागली. पण आईला काय, ती पुरवणी वाचणार थोडीच आहे. आणि नाव तिचंच होतंय ना.

११ मार्च, रविवार

छापून आला! पाऊण पान. 'माझ्या आईच्या ओठावरची मुरळी', असं शीर्षक संपादकांनी दिलं. मला ते थोडं भडक वाटलं, पण चालतं. आईचं नाव आहे, वसाहतीचं नाव आहे, तिचं मूळ गाव आहे, दिंडोरीकडचं. अण्णांच्या वर्षश्राद्धाचा, चुकलो, पुण्यानुमोदनाच्या वेळचा तिचा फोटो मी दिला होता, तोही आहे.

आईला दाखवला. तिने फोटोवर बोट ठेवलं. "ही मी. का रे छापलं?"

म्हटलं, "तुझं गाणं छापलंय आई. लोकांना फार आवडलं."

"समदं?"

"सगळं."

तिने पानाची घडी केली, परत उलगडलं, परत घडी केली. "तू म्हणला होतास, कुणाला ऐकवायचं नाय."

"अगं, ऐकवलं कुठे, छापलंय." हे मी हसत म्हटलं. नको होतं म्हणायला, तेव्हाच जाणवलं. ती काही रागावली नाही. ओट्यावर जाऊन बसली. दिवेलागणीला लताने हाक मारली तेव्हा उठली.

१८ मार्च, रविवार

आज आई विहारात गेली तर वंदना सुरू होऊन गेली होती. शेजारची सुलाबाई सांगत होती. आई मागे, चपलांपाशी बसली म्हणे. विहाराचं घड्याळ पुढे गेलं असेल, मी सावळीरामदादांना सांगणार आहे. वेळेचा असा घोळ बरा नाही.

लता म्हणाली, "घड्याळ बरोबर आहे." विचारलं, मग काय? तर म्हणे, "तुम्ही प्राध्यापक आहात."

२५ मार्च, रविवार

आज घरी पाहुणे. दिंडोरीकडचे मोठे द्राक्षबागायतदार, कारभारी पाटील. आईच्याच गावचे. पंचावन्न-साठचे असतील, बोटात अंगठ्या, दाराशी जीप. द्राक्षांची पाटी आणली होती आणि हातात पुरवणीचं पान. मला केवढं बरं वाटलं! ज्या वाड्यावर जागरणं व्हायची त्याच घरातला रसिक पान घेऊन दारात येतो.

"प्रोफेसर, लय झ्याक लिवलंय," म्हणाले. "आमच्या वडलांना, दादांना, फार नाद जागरणाचा. वाड्यावर तीन-तीन दिवस चालायचं. कुसा म्हणायचो आम्ही. हाय का घरात?"

'कुसा' हे खटकलं मला. माझी आई साठीच्या घरात आहे. पण खेड्यातलं बोलणं, असं असतंच, म्हणून सोडून दिलं. आईला हाक मारली. ती पदर सारखा करत बाहेर आली आणि दारातच थांबली.

कारभारी पाटील बसल्या जागेवरूनच हसले. "काय कुसा, वळखलं का? तोंड दादांसारखं हाय माझं, समदे म्हणत्यात. नातवाचं लगीन हाय वैशाखात, जागरण घालायचंय. म्हटलं पेपरात आलंय, अजून गाती म्हातारी. जीप पाठवतो. आमच्या वाड्यात तुला काय नवीन नाय."

 दाराची चौकट धरली होती आईने. मी म्हटलं, "आई, बस ना. हे गावाहून आलेत मुद्दाम." तिने पदर डोक्यावरून कपाळावर ओढला, पार डोळ्यांवर, आणि आत गेली. आतून कडी लागली.

मला इतकी लाज वाटली! पाहुण्यांची माफी मागितली, म्हटलं तब्येत बरी नाही. चहा केला तो मीच, लता जागची हलली नाही. ते गेल्यावर लताने द्राक्षांची पाटी उचलली आणि रस्त्यापलीकडच्या गटारात उपडी केली. पिकलेली, चांगली द्राक्षं! मी ओरडलो तिच्यावर. ती म्हणाली, "अजून नाही कळलं तुम्हाला? अजून?" आणि रिकामी पाटी माझ्या पायाशी ठेवून आत गेली.

काय कळायचंय? गावच्या पाटलांबद्दल राग असेल, तो मलाही आहे. पण घरी आलेल्या माणसाशी कसं वागायचं, एवढं तरी आईला कळायला हवं होतं.

३ एप्रिल, मंगळवार

आई त्या दिवसापासून जेमतेम जेवते. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, गोळ्या लिहून दिल्या.

सावळीरामदादा कॉलेजच्या फाटकाशी थांबले होते. म्हणाले, "प्राध्यापक, छापायच्या आधी घरात विचारायचं असतं."

मी भडकलोच. म्हटलं, "दादा, परंपरा पुसून टाकली की माणूस सुधारतो, असं वाटतं का तुम्हाला? आफ्रिकेत बघा..."

"आफ्रिका राहू द्या. बायकांनी कुसाबाईंना काही म्हटलेलं नाही. नुसत्या त्यांच्या शेजारी बसायच्या थांबल्यात. मी समजावतोय त्यांना, पण माझं कुठवर ऐकणार? जयंतीला दीपप्रज्वलन कुसाबाईच करायच्या दरवर्षी. यंदा मंडळाने विमलाबाईंचं नाव दिलंय."

"एका जुन्या गाण्यासाठी?"

दादा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्हाला खरंच ठाऊक नाही." आणि सायकलवर बसून गेले. मला या माणसांचा वैताग आला आहे. जो उठतो तो कोड्यात बोलतो. घरी येऊन ते पान काढलं, गाणं परत वाचलं. एक शंका डोक्यात आली, पण ती मी पुढे जाऊ दिली नाही. हे इथे कबूल करतो. पुस्तकाची मुद्रितं आली आहेत, ती तपासायची होती.

१४ एप्रिल, शनिवार

जयंती. मिरवणूक आमच्या दारावरून गेली. आई पांढरं लुगडं नेसली होती, सकाळपासून तयार होऊन बसली होती. मिरवणूक येईपर्यंत बसली, गेल्यावर लुगडं बदललं, घडी करून ट्रंकेत ठेवलं. कोणी बोलवायला आलं नाही.

१५ एप्रिल, रविवार

हे कसं लिहू ते कळत नाही. लिहितो.

दुपारी जेवणं झाल्यावर आई माझ्या टेबलाशी आली. मुद्रितं समोर होती. म्हणाली, "तू माझ्यावर काय लिवलंस ते वाच. समदं वाच."

म्हटलं, "आई, तुला कळायचं नाही, जड भाषा आहे."

"मला पाली कळत नाय, तरी पाठ हाय. वाच तू."

ती जमिनीवर बसली, भिंतीला टेकून, त्याच जागी. लता दारात उभी राहिली. मी वाचायला लागलो. आफ्रिका, आशिया, परंपरा. बैलाची ओळ आली, त्यावरची टीप वाचली. पूर्व आफ्रिकेतली गुरं. आई म्हणाली, "त्याचं नाव ढवळ्या. बाप त्याच्याशी बोलायचा. माझ्याशी नाय बोलायचा." मी थांबलो. ती म्हणाली, "वाच."

वाडा आला. कलेचा आश्रयदाता. मी खाली बघून वाचत होतो. माझा आवाज मलाच ऐकू येत होता, वर्गात येतो तसा, एकसुरी. मला थांबायचं होतं. आता कळत होतं, एकेका शब्दाबरोबर कळत होतं, पण थांबता येईना.

सातवी तळटीप वाचली. 'पाच वर्षांची पोर हे पिकाचं प्रतीक.'

"म्हंजे?"

"म्हणजे... ती मुलगी म्हणजे पीक, आई. शेतातलं."

आई हसली. खरंच हसली, आणि मग तिचं तोंड वाकडं झालं. "पीक व्हय?"

लता आत येऊन तिच्याजवळ बसली. आई माझ्याशी बोलत होती, पण बघत होती भिंतीकडे.

"पाच वर्सांची झाली होती. वाड्यावरनं निरोप आला, चंपाषष्ठीला तिलाबी देवाची हळद लावायची, मुरळीची पोर मुरळीच. आन तिला गोवर निघाला. अंग असं तापलेलं, भाकर भाजंल असं. वैद्य दोन कोसांवर. शेजारची तानुबाई म्हणाली, कुसा, जा, उचल तिला. मी उठले. दारापतुर गेले. मग बसले परत." तिने पदर मांडीवर ओढला. "नाय गेले मी, झुंबर. तीन दिस मांडीवर घेऊन बसले. पाणी पाजलं. गेले नाय."

मी मुद्रितं उपडी ठेवली.

"तुझ्या अण्णांना सांगूनच त्यांच्याशी घरोबा केला. ते म्हणाले, झालं ते गेलं. ते गाणं म्हणंपतुर दुसऱ्या कुणाला कधी सांगितलं नाय. तुला सांगावं वाटायचं, पण कसं सांगू? तू म्हणलास, तिकडच्या बाया गाण्यात सांगतात. म्हणून सांगितलं मी. तू म्हणलास, कळलं. समदं कळलं म्हणलास. आन मग माझ्या हातच्या चार पोळ्या खाल्ल्यास." तिचा आवाज इथे फुटला. "मला वाटलं, पोराला ठाव झालं, तरी तो माझ्या हातचं जेवला. त्या राती झोप लागली मला, किती वर्सांनी. पेपरात छापलंस तेव्हाबी मनाला म्हटलं, त्याला समदं ठाव हाय, त्याला लाज नाय वाटत आपली, म्हणून छापलं असंल. वाड्यावरचा तो दारात आला, तू त्याला घरात बसवलंस, तेव्हा समजंना मला. मग आज म्हटलं, वाचून तरी घेऊ."

मी खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर बसलो. तिचे पाय धरले. ती पाय ओढत नव्हती आणि हातही लावत नव्हती. मी लहान मुलासारखा रडत होतो आणि तरीसुद्धा, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही, माझ्या डोक्यात एक कोपरा मुद्रितांचा विचार करत होता, ती टीप आता कशी बदलायची. माझी मलाच किळस आली.

म्हटलं, "आई, मी सगळं मागे घेतो. पुस्तकातून काढून टाकतो. उद्या पत्र लिहितो पुण्याला."

"पेपरातनं काढशील?"

मी तिचे पाय सोडले.

थोड्या वेळाने विचारलं, "आई, तिचं नाव काय होतं?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. तोंडावर राग नव्हता, तेच मला सहन होईना.

"नाव नाय सांगणार," म्हणाली. "तू छापशील."

लताने तिला हात देऊन उठवलं आणि आतल्या खोलीत नेलं. लताला ते नाव ठाऊक आहे, तिच्या तोंडावरून मला कळलं. मी तिला विचारलं नाही.